सरकारी कृषी संशोधनाचे अहवाल कसे वाचायचे : वाणाच्या दाव्यापासून पैशाच्या आकड्यापर्यंत

दरवर्षी खरिपाच्या तोंडावर पेपरात एक ठरलेली बातमी येते. चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन बैठक म्हणजे जॉइंट अ‍ॅग्रेस्को झाली, इतके वाण, इतकी अवजारं आणि ढीगभर शिफारशी मंजूर झाल्या. शेतकरी म्हणतो बरं मग बियाणं कुठाय, अ‍ॅग्रीचा पोरगा म्हणतो यातलं स्पर्धा परीक्षेला काय येणार, आणि पत्रकार प्रेसनोट आहे तशी छापून मोकळा होतो. खरं उत्तर सरकारी कागदातच असतं, फक्त सगळं एका कागदात नसतं. दावा एका कागदात, पुरावा दुसऱ्यात, पैसा तिसऱ्यात आणि कबुली चौथ्यात, असा तो कारभार आहे. हे चारही कागद घरबसल्या मोबाईलवर मिळतात, पण कुठल्या कागदात काय शोधायचं हे कोणी शिकवत नाही म्हणून हा लेख. मोठा आहे, एका बैठकीत वाचायची सक्ती नाही.

सुरुवात एका प्रश्नाने करा

"कृषी संशोधनात काय चाललंय ते बघू" म्हणून वार्षिक अहवाल उघडलात तर पन्नासाव्या पानापर्यंत झोप लागेल, गॅरंटी. त्यापेक्षा एक बारका प्रश्न धरा. फुले संगम सोयाबीनचा उतारा जास्त येतो म्हणतात तो कशाच्या तुलनेत? आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्राने मागच्या वर्षी तुरीवर नेमकं काय केलं? ज्या कॉलेजात पोरीला घालतोय तिथे शिकवायला माणसं आहेत का? विद्यापीठाला मिळालेल्या पैशातून पगार सोडून संशोधनाला किती उरले? प्रश्न ठरला की कुठला कागद हे आपोआप ठरतं आणि नव्वद टक्के पानं न वाचता सोडून देता येतात.

कोण कोणाला हिशोब देतं, हे आधी डोक्यात बसवा

दिल्लीत कृषी मंत्रालयात एक वेगळा विभाग आहे, कृषी संशोधन आणि शिक्षण विभाग, बोलीभाषेत डेअर. हा १९७३ मध्ये झाला. त्याच्या आधीपासून भारतीय कृषी संशोधन परिषद म्हणजे आयसीएआर आहे, ती १६ जुलै १९२९ ची, इंग्रजांच्या काळातल्या शेतीवरच्या रॉयल कमिशनच्या अहवालातून जन्मलेली. गंमत अशी की डेअरचा सचिव आणि आयसीएआरचा महासंचालक हा एकच माणूस असतो आणि आयसीएआर सोसायटीचे अध्यक्ष स्वतः कृषिमंत्री. म्हणजे पैसे देणारा, काम करणारा आणि कामाचा अहवाल लिहिणारा हे फार लांब लांब बसलेले नाहीत. अहवालात खोटं लिहितात असं मी म्हणत नाही, पण स्वतःचं प्रगतीपुस्तक स्वतः लिहिलं की त्याचा सूर जसा असायचा तसाच असतो, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आपल्याकडच्या आयसीएआरच्या संस्था बऱ्याच आहेत. नागपूरला कापूस, लिंबूवर्गीय फळं आणि मृदा सर्वेक्षण, राजगुरुनगरला कांदा-लसूण, मांजरीला द्राक्ष, सोलापूरला डाळिंब, बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण, मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञान आणि वर्सोव्याला मत्स्यशिक्षण, शिवाय जुन्या गोव्यात किनारपट्टीच्या शेतीची संस्था. या प्रत्येकीचा वेगळा वार्षिक अहवाल निघतो. डाळिंबाचा प्रश्न असेल तर दिल्लीचा जाडजूड अहवाल उघडत बसू नका, थेट सोलापूरच्या संस्थेचा घ्या.

राज्याची लाइन वेगळी. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२, ही चार विद्यापीठं, आणि त्यांच्यात ताळमेळ ठेवायला पुण्याची कृषी परिषद, तिचं पूर्ण नाव महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद. चौघांना बांधणारा कायदा १९८३ चा. नागपूरचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ या चौकटीत नाही, त्याचा कायदाच निराळा, म्हणून गाई-म्हशी, कोंबड्या, मासे असा विषय असेल तर कृषी परिषदेच्या कागदांत शोधून हाती काही लागणार नाही.

आणि वर्ष बघायला विसरू नका. पैशाचं वर्ष एप्रिल ते मार्च, कॉलेजचं वर्ष वेगळं, पीक चाचण्यांचा हिशोब खरीप-रब्बी हंगामावर, काही अहवाल तर सरळ जानेवारी ते डिसेंबर. दोन अहवालांतले आकडे जुळत नाहीत म्हणून घोटाळा झाला असं ओरडण्याआधी दोन्हीच्या कव्हरवरचं वर्ष बघा, बऱ्याच वेळा तिथेच मिटतं.

वाणाचा दावा तपासणं

इथे जरा थांबून वाचा, कारण शेतकऱ्याच्या खिशाशी सगळ्यात जवळचा भाग हाच.

नवीन वाण बाहेर यायचे दोन रस्ते. एक, अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प, ज्याची सुरुवात १९५७ मध्ये मक्यापासून झाली. त्यात वाण आधी प्राथमिक चाचणीत जातो, मग प्रगत चाचणी एक, मग प्रगत चाचणी दोन, म्हणजे कमीत कमी तीन हंगाम वेगवेगळ्या केंद्रांवर. अहवालात हे आयव्हीटी, एव्हीटी-१, एव्हीटी-२ असं लिहिलेलं दिसेल. दुसरा रस्ता राज्याचा, विद्यापीठाच्या चाचण्या, मग जॉइंट अ‍ॅग्रेस्को, मग राज्याची बियाणे उपसमिती. दोन्ही रस्ते शेवटी केंद्राच्या राजपत्रात जातात, बियाणे कायदा १९६६ च्या कलम ५ खाली वाण अधिसूचित होतो. म्हणून "प्रसारित", "शिफारशीत", "अधिसूचित" हे शब्द बातमीत एकाच अर्थाने फेकलेले असले तरी कागदावर त्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. अ‍ॅग्रेस्कोत मंजूर झालेला वाण म्हणजे अधिसूचित झालेला वाण नव्हे, आणि अधिसूचना नसेल तर प्रमाणित बियाण्याची साखळी सुरूच होत नाही.

आता आकडा. चाचणीच्या तक्त्यात समजा असं लिहिलंय, नवीन वाण २३१० किलो प्रति हेक्टर, तुल्य वाण (म्हणजे तुलनेसाठी शेजारी पेरलेला जुना वाण) २१४० किलो. फरक १७० किलो, म्हणजे साधारण ८ टक्के जास्त, आणि प्रेसनोटमध्ये तेवढंच येतं. पण त्याच तक्त्याच्या तळाला एक बारीक ओळ असते, सी.डी. ५ टक्के, आणि तिथे समजा लिहिलंय २१०. याचा अर्थ दोन वाणांतला फरक २१० किलोपेक्षा जास्त असेल तरच तो खरा धरायचा, त्याच्या आतला फरक जमिनीच्या चढउताराने, पाण्याने, नशिबाने पण येऊ शकतो. १७० हा २१० च्या आत आला म्हणजे संख्याशास्त्राच्या हिशोबाने दोन्ही वाण त्या चाचणीत सारखेच. एवढी एक ओळ वाचता आली तरी निम्मी लढाई जिंकलात, खरं सांगतो.

दुसरं, तुलना कोणाशी केली ते बघा. तुल्य वाण म्हणून जेएस ३३५ घेतला असेल तर तो नव्वदच्या दशकातला जबलपूरचा वाण आहे, आपल्याकडे त्याने वर्षानुवर्षं राज्य केलं हे खरं, पण आज जो शेतकरी आधीच केडीएस ७२६ (म्हणजेच फुले संगम) किंवा एमएयूएस ६१२ पेरतोय त्याला जेएस ३३५ पेक्षा इतके टक्के जास्त हे सांगून काय उपयोग? चांगल्या तक्त्यात राष्ट्रीय तुल्य, विभागीय तुल्य आणि स्थानिक तुल्य असे तीन रकाने असतात. यातल्या सगळ्यात तगड्या वाणाशी फरक किती तो बघा, सगळ्यात कमजोराशी नको.

तिसरं, विभाग. समन्वित प्रकल्पात देशाचे झोन पाडलेले असतात आणि ते राज्याच्या सीमा पाळत नाहीत. सोयाबीनचंच घ्या, विदर्भ-मराठवाडा मध्य विभागात येतात, मध्य प्रदेशाच्या सोबत, आणि सांगली-कोल्हापूरकडचा भाग दक्षिण विभागात, कर्नाटकाच्या सोबत. त्यामुळे दक्षिण विभागासाठी शिफारस झालेला वाण "महाराष्ट्रासाठी" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि हिंगोलीचा माणूस तो घेऊन बसतो. राजपत्रात वाणाच्या नावासमोर कोणत्या भागासाठी हे लिहिलेलं असतं, ते एकदा डोळ्याने बघा.

एककं पण सांगून ठेवतो, कारण अहवाल हेक्टरात बोलतो आणि आपण एकरात. किलो प्रति हेक्टरला २४७ ने भागा, क्विंटल प्रति एकर मिळतं. २५०० किलो म्हणजे एकरी १० क्विंटलच्या जरासं वर. संशोधन केंद्रावरचा उतारा आणि आपल्या वावरातला उतारा यात अंतर राहणारच, तिथे वेळेवर फवारणी, वेळेवर निंदण, प्लॉट छोटा, त्यामुळे तो आकडा आपल्या शेतासाठीचं भाकीत म्हणून घेऊ नका, वाणाची ताकद म्हणून घ्या.

शेवटी बियाणं. ११ ऑगस्ट २०२४ ला दिल्लीत पुसाला पंतप्रधानांच्या हस्ते ६१ पिकांचे १०९ वाण एका दिवसात प्रसारित झाले. मोठी बातमी होती. अशा यादीतला एखादा वाण आवडला तर पुढचा प्रश्न हाच की त्याचं पैदासकार बियाणं, म्हणजे वाण काढणाऱ्या संस्थेने स्वतः केलेलं मूळ बियाणं, किती झालं. पैदासकार, मग पायाभूत, मग प्रमाणित अशी साखळी असते आणि एकेका पायरीला एकेक हंगाम जातो. पिशवीवरचा टॅग पण तेच सांगतो, पैदासकारचा पिवळा, पायाभूतचा पांढरा, प्रमाणितचा निळा. संस्थेच्या वार्षिक अहवालात "बियाणे उत्पादन" नावाचं एक कंटाळवाणं प्रकरण असतं, सगळे ते सोडून देतात. तिथे वाणवार पैदासकार बियाण्याचे क्विंटल दिलेले असतात. ज्या वाणाचा फोटो पहिल्या पानावर आहे त्याचं बियाणं त्या प्रकरणात तीन-चार क्विंटल दिसलं, तर पुढची दोन-तीन वर्षं तरी तो वाण दुकानात शोधत फिरू नका.

केव्हीकेचा अहवाल : तक्ता उघडा, फोटो सोडा

कृषी विज्ञान केंद्र म्हणजे केव्हीके, पहिलं १९७४ मध्ये पुद्दुचेरीला निघालं, आता देशात सातशेच्या वर आहेत. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्याच्या केंद्रांवर पुण्याच्या अटारी या आयसीएआरच्या कार्यालयाची देखरेख असते. केंद्र चालवणारी संस्था मात्र कुठे विद्यापीठ, कुठे आयसीएआर, कुठे एखादा ट्रस्ट, म्हणून माहिती मागायची तर आधी आपलं केव्हीके कोणाचं ते बघा.

त्यांच्या वार्षिक प्रगती अहवालात दोन शब्द सतत येतात, ओएफटी आणि एफएलडी. ओएफटी म्हणजे शेतावरची चाचणी, तंत्रज्ञान आपल्या भागात चालतं का नाही हे अजून माहीत नाही म्हणून थोड्या शेतकऱ्यांकडे करून बघतात. एफएलडी म्हणजे आद्यरेषीय प्रात्यक्षिक, चालतं हे माहीत आहे, आता लोकांना दाखवायचंय. ओएफटीचा निकाल वाईट आला तर ते अपयश नाही, त्यासाठीच ती असते. उलट एखाद्या केंद्राच्या वर्षानुवर्षाच्या सगळ्या ओएफटी यशस्वीच दिसत असतील तर मला जास्त शंका येते.

एफएलडीचा तक्ता कसा वाचायचा? समजा तुरीची ओळ अशी आहे, शेतकरी २५, क्षेत्र १० हेक्टर, प्रात्यक्षिकाचा सरासरी उतारा हेक्टरी १४.५ क्विंटल, तुलनेचा ११.८, वाढ २२.९ टक्के, नफा-खर्च गुणोत्तर २.८. आता एकेक करून विचारायचं. सरासरीच्या बाजूला जास्तीत जास्त आणि कमीत कमी असे रकाने आहेत का? कमीत कमी जर ९ असेल तर २५ पैकी कोणीतरी शेजाऱ्यापेक्षाही मागे राहिलाय आणि सरासरीने त्याला झाकलंय. तुलनेचा प्लॉट कसा होता? बहुतेक वेळा तो "शेतकऱ्याची पद्धत" असतो, म्हणजे जुना वाण, कमी खत, बीजप्रक्रिया नाही, आणि प्रात्यक्षिकात नवा वाण, जिवाणू खत, फवारणी, शेंडे खुडणी, सगळंच बदललेलं. मग २२.९ टक्के वाढीचं श्रेय एकट्या वाणाला कसं देणार? ते पूर्ण पॅकेजचं आहे. निविष्ठा, म्हणजे बियाणं-खतं-औषधं, फुकट दिल्या होत्या का, आणि दिल्या असतील तर त्याची किंमत खर्चात धरली का? घरच्या माणसांची मजुरी धरली का? भाव कोणता लावला, हमीभाव का बाजारातला? २.८ हा आकडा या चार उत्तरांवर वर-खाली होतो.

मग मागच्या तीन वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवा. तीच गावं, तेच शेतकरी, तेच पीक परत परत येतंय का ते दिसेल. केंद्राच्या शेजारच्या पाच गावांतच सगळी प्रात्यक्षिकं होतात ही तक्रार पारावर ऐकलेली असते, अहवालातली गावांची यादी नकाशावर टाकली की ती खरी का खोटी ते अर्ध्या तासात कळतं. प्रशिक्षणाच्या आकड्यांकडे मी फारसं बघत नाही, इतक्या हजार शेतकऱ्यांना प्रशिक्षण म्हणजे इतक्या हजार सह्या, त्यापलीकडे त्या आकड्यातून काही कळत नाही.

पैसा : २४१५ हा नंबर पाठ करा

सरकारी हिशोबात प्रत्येक गोष्टीला लेखाशीर्ष असतं. कृषी संशोधन व शिक्षण याचं मुख्य लेखाशीर्ष २४१५, आणि हा नंबर केंद्रात, महाराष्ट्रात, कर्नाटकात, सगळीकडे तोच. म्हणून एखादं राज्य यावर किती खर्च करतं याची तुलना करायची असेल तर कॅगच्या वित्त लेख्यांमध्ये २४१५ ची ओळ बघायची, मंत्र्यांचं भाषण नाही. इमारतीबिमारतीचा भांडवली खर्च वेगळ्या ४४१५ मध्ये असतो.

केंद्राच्या बजेटमध्ये मागणी क्रमांक १ कृषी आणि शेतकरी कल्याण विभागाची, मागणी क्रमांक २ डेअरची. डेअरसाठी २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात ९९४१ कोटी होते, २०२५-२६ मध्ये १०,४६६ कोटी. "पहिल्यांदा दहा हजार कोटींच्या वर" असं वाचायला भारी वाटतं, पण वाढ काढली तर सव्वापाच टक्के, आणि यातला फार मोठा हिस्सा पगार आणि पेन्शनचा, महागाई भत्ता वाढला की ती वाढ तिथेच मुरते. अंदाज यावा म्हणून सांगतो, २०२४-२५ मध्ये एकट्या पीएम किसानला ६० हजार कोटींची तरतूद होती, म्हणजे देशाच्या सगळ्या केंद्रीय कृषी संशोधनाच्या सहापट. दुसरीकडे २०२३-२४ चा आर्थिक पाहणी अहवाल म्हणतो की कृषी संशोधनात घातलेला एक रुपया १३ रुपये ८५ पैसे परत देतो. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पुढचा प्रश्न आपोआप पडतो. फक्त तो १३.८५ पूर्ण व्यवस्थेचा सरासरी अंदाज आहे, कुठल्या एका संस्थेने आपल्या भिंतीवर लावून मिरवायचा आकडा नाही.

बजेटच्या पानावर एकाच ओळीत तीन-चार रकाने असतात, दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी नेहमी शेवटच्या रकान्याची होते. तुम्ही पहिला बघा. अंदाजात भरपूर, सुधारितमध्ये कात्री, प्रत्यक्षात अजून कमी, असं एखाद्या योजनेचं दोन-तीन वर्षं सलग दिसलं तर ती योजना भाषणापुरती आहे.

महाराष्ट्रात जरा वेगळा जुगाड आहे. विद्यापीठांना पैसा सहायक अनुदान म्हणून जातो आणि जीआरमध्ये लेखाशीर्षाच्या शेवटी दोन आकडी उद्दिष्ट असतं. ३६ म्हणजे सहायक अनुदाने वेतन, ३१ म्हणजे वेतनेतर, ३५ म्हणजे भांडवली मत्ता तयार करायला. एका वर्षाचे त्या विद्यापीठाचे सगळे निधी वितरणाचे जीआर शासनाच्या साइटवरून उतरवा आणि ३६ च्या रकमांची बेरीज एकीकडे, ३१ ची एकीकडे करा. संशोधन केंद्रावर ट्रॅक्टरला डिझेल, प्रयोगशाळेला रसायनं, मजुरांना रोज, हे त्या ३१ मधून भागतं. तारखा पण लिहून घ्या. पैसा जर फेब्रुवारी-मार्चमध्ये सुटला असेल तर त्या वर्षीचा खरीप कशावर झाला हा प्रश्न विचारायला हरकत नाही. जीआरच्या सुरुवातीला "वाचा" किंवा "संदर्भ" म्हणून जुन्या जीआरची यादी असते, लोक ती टाळून थेट निर्णयावर जातात. ती यादी म्हणजे त्या विषयाची आख्खी फाईल असते, मूळ मंजुरी कधीची, किती कोटींची, किती वेळा मुदतवाढ, सगळा माग तिथून काढता येतो. चालू वर्षात किती तरतूद, किती वितरित, किती खर्च हे बीम्स या राज्याच्या पोर्टलवर पण दिसतं.

कबुली कुठे मिळते : संसदेची स्थायी समिती

माझं सगळ्यात आवडतं डॉक्युमेंट हे. संसदेत १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या आहेत, कृषीच्या समितीत ३१ खासदार असतात, २१ लोकसभेचे, १० राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. दरवर्षी बजेटनंतर ही समिती डेअरच्या अनुदान मागण्यांवर अहवाल देते. अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारलेलं असतं, पद का रिकामं, पैसा का परत गेला, आणि विभागाने दिलेलं उत्तर त्यात जसंच्या तसं छापलेलं असतं. जे वार्षिक अहवालात कधी दिसणार नाही ते इथे सापडतं, शास्त्रज्ञांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, विभागाने मागितले किती आणि अर्थखात्याने दिले किती.

पण खरी मजा दुसऱ्या अहवालात. शिफारशींवर सरकारने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं आणि त्यावर समिती परत एक कार्यवाही अहवाल काढते. त्याची रचना पक्की ठरलेली आहे. पहिलं प्रकरण समितीचं म्हणणं, दुसऱ्यात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर ऐकून समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात ज्यांचं उत्तर समितीला पटलं नाही त्या, आणि पाचव्यात ज्यांचं अंतिम उत्तर अजून आलेलंच नाही त्या. तुम्ही फक्त पहिलं, चौथं आणि पाचवं वाचा. सत्ताधारी पक्षाचे खासदार असलेल्या समितीला सुद्धा जे उत्तर पटलं नाही ते चौथ्यात असतं. दुसऱ्या प्रकरणातलं "मान्य" पण डोळे मिटून घेऊ नका, खाली "शिफारशीची नोंद घेतली आहे", "सर्व संबंधितांना कळवले आहे" असं असेल तर जमिनीवर काही हललेलं नाही.

हे अहवाल इंग्रजी-हिंदीत असतात, संसदेच्या साइटवर फुकट. तिथेच लोकसभा-राज्यसभेची प्रश्नोत्तरं आहेत. अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या, प्रश्नांच्या उत्तरांना जोडलेली परिशिष्टं म्हणजे खजिना, राज्यवार केव्हीके, राज्यवार रिक्त पदं, संस्थावार निधी असे तक्ते असतात. उत्तराचा मजकूर गोल गोल असतो, तो सोडा, परिशिष्टावर जा.

अजून एक बारीक गोष्ट. स्वायत्त संस्थांचा वार्षिक अहवाल आणि ऑडिट झालेला हिशोब वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, संसदेपुढे ठेवायचा नियम आहे. उशीर झाला तर का झाला याचं निवेदन सोबत लावावं लागतं. केंद्रीय संस्थेबद्दल शंका असेल तर हे निवेदन आणि ऑडिट रिपोर्टची शेवटची दोन पानं वाचा, अंतर्गत लेखापरीक्षण अपुरं, मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी नाही, असले शेरे तिथे असतात.

शिक्षणाचा भाग, म्हणजे कॉलेज निवडताना

हे पटकन सांगतो. खाजगी कृषी कॉलेज असेल तर त्या वर्षीच्या कृषी परिषदेच्या यादीत नाव आणि प्रवेशक्षमता बघा, बॅनरवरचं "शासनमान्य" पुरेसं नाही. आयसीएआरची अधिस्वीकृती, म्हणजे दर्जाची मान्यता, कोणाला आहे, विद्यापीठाला का त्या कॉलेजला, आणि कुठल्या तारखेपर्यंत, तेही बघा, संपलेल्या अधिस्वीकृतीचं सर्टिफिकेट ऑफिसात फ्रेम करून लावलेलं असतं. अभ्यासक्रम आता आयसीएआरच्या सहाव्या अधिष्ठाता (डीन) समितीच्या शिफारशीप्रमाणे आहे, एक वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय त्यात आली.

आणि एक युक्ती जी फार कमी लोक वापरतात. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या रँकिंगमध्ये २०२३ पासून कृषीची वेगळी कॅटेगरी आहे. रँक सोडा हो, पण रँकिंगसाठी संस्थेने जो डेटा भरून दिला त्याची पीडीएफ स्वतःच्या साइटवर ठेवावी लागते. त्यात किती जागा, किती पास, किती जणांना नोकरी, पगाराचा मधला आकडा, किती पुढे शिकायला गेले, बाहेरून किती संशोधन प्रकल्प आणि किती रुपये, आणि शिक्षकांची नावानिशी यादी असते. विद्यापीठाच्या गुळगुळीत माहितीपत्रकापेक्षा ही रुक्ष पीडीएफ कितीतरी जास्त सांगते. शिक्षकांच्या यादीत रुजू झाल्याची तारीख बघा, कंत्राटी किती ते पण बघा.

कागद सापडला नाही तर आरटीआय

वरचं सगळं करूनही एखादा आकडा मिळत नाही, तेव्हाच आरटीआय, आधी नाही. त्याआधी संस्थेच्या साइटवर कलम ४ ची स्वयंप्रेरित माहिती बघा, पदं, बजेट, अधिकारी हे तिथे टाकायचं त्यांच्यावर बंधन आहे.

आयसीएआरची संस्था असेल तर केंद्राचे नियम, अर्ज ५०० शब्दांपर्यंत चालतो. राज्याचं विद्यापीठ असेल तर महाराष्ट्राचे नियम, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. म्हणून वाण, पैसा आणि पदं असा तिहेरी अर्ज करू नका, तेवढ्यावरून परत येईल, तीन वेगळे अर्ज करा. फी दोन्हीकडे १० रुपये. "का" विचारू नका, मत विचारू नका, कागद मागा. म्हणजे "अमुक वाणाचे बियाणे शेतकऱ्यांना का मिळत नाही" हा प्रश्न बाद, त्याऐवजी असं लिहा :

"आपल्या विद्यापीठाने विकसित केलेल्या (वाणाचे नाव) या वाणाबाबत मागील तीन आर्थिक वर्षांची पुढील माहिती छायांकित प्रतींसह मिळावी : वर्षनिहाय उत्पादित पैदासकार बियाणे क्विंटलमध्ये, ते ज्या संस्थांना पुरवले त्यांची नावे व प्रमाण, आणि त्या त्या वर्षी प्राप्त झालेली मागणी."

मागणी आणि उत्पादन हे दोन्ही मागितले ना, मग दोष विद्यापीठाने कमी बियाणं केलं याचा आहे का बियाणे महामंडळाने आणि कंपन्यांनी मागणीच दिली नाही याचा, ते त्याच उत्तरात उघडं पडतं. बऱ्याच वेळा दुसरंच निघतं आणि लोक उगीच शास्त्रज्ञांना शिव्या घालत बसतात.

उत्तराची मुदत ३० दिवस. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवायची जबाबदारी त्यांची आहे, तुम्ही नव्याने अर्ज करायची गरज नाही. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच संस्थेतल्या वरिष्ठाकडे, त्यातही नाही भागलं तर ९० दिवसांत दुसरं अपील, राज्याच्या संस्थेसाठी राज्य माहिती आयोगाकडे, केंद्राच्या संस्थेसाठी केंद्रीय आयोगाकडे. "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं आलं तर तिथे सोडू नका, संकलित नसेल तर मूळ नोंदवहीच्या त्या पानांच्या प्रती द्या, नाहीतर नोंदवही समोर बसून बघू द्या असं अपिलात लिहा. कागद प्रत्यक्ष जाऊन तपासायचा हक्क त्याच कायद्यात आहे, आणि संशोधन केंद्राच्या बियाणे साठा रजिस्टरमध्ये कुठली पिशवी कधी आणि कोणाला गेली ते तारखेनिशी लिहिलेलं असतं.